फ्रान्सवाले भाऊजी

आमच्या सेक्टर सहातल्या क्वार्टरला लागून जे क्वार्टर होतं, त्यात राखदाणीत राख टाकायला बंदी होती. हसू नका, खरं सांगते. पितळेची, पानाच्या आकाराची, शिरा उमटवलेली सुंदर राखदाणी बैठकीत मधोमध ठेवलेली असायची, आणि आलेल्या माणसानं सिगारेट काढली की भाऊजी उठून आतून नारळाची करवंटी आणून त्याच्यापुढं ठेवायचे. एकदा त्यांच्या कामावरचे एक रशियन साहेब घरी आले. भला धिप्पाड माणूस. बोलण्याच्या नादात त्यानं त्या पितळी पानावर राख झटकली. भाऊजींनी त्याच्या देखत राखदाणी उचलली, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली, जागेवर ठेवली आणि करवंटी पुढं सरकवली. साहेबाला वाटलं, ही इकडची रीत असेल. बिचारा पुढं दुसऱ्यांच्या घरी गेला तरी करवंटी मागायचा.

भाऊजी म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. त्यांची बायको आणि मी एकाच वर्षी भिलाईत आलो, दोघी भंडाऱ्याकडच्या, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले आणि ओघानं ते भाऊजी झाले. आधी रेल्वेच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचे. इकडं रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तसे इकडं आले. तेव्हा सगळं भिलाई रशियाच्या नादी लागलेलं. कोणाकडं एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, कोणाकडं चहाचं पाणी उकळायचा समोवार, आमच्या ह्यांना तर चार रशियन शब्द काय आले, घरातही तेच बोलायचे. आणि भाऊजी मात्र फ्रान्सच्या नादी. नकाशात फ्रान्स दाखवा म्हटलं असतं तर बोट कुठं ठेवलं असतं देव जाणे. पण वस्तू फ्रान्सची आहे की नाही, हे दुरून सांगायचे.

ह्या वेडाला कारण झाला एक पाँडिचेरीचा ड्राफ्ट्समन. तिकडचे फ्रेंच लोक घरंदारं आवरून निघून गेले, तेव्हा त्याच्या मामानं त्यांचं बरंच सामान लिलावात घेऊन ठेवलं होतं. त्यातलं वर्तमानपत्रं ठेवायचं एक काळं स्टँड त्यानं इकडं आणलं होतं. भाऊजी एका ड्रॉइंगबद्दल विचारायला त्याच्याकडं गेले आणि ड्रॉइंग विसरून त्या स्टँडपुढं उकिडवे बसले. गाळणीसारखी बारीक भोकं पाडलेला पत्रा, आणि तो असा दुमडलेला, जशी पातळाची निरी. कुठं जोड नाही, कुठं चीर नाही. घरी आले ते दारातूनच ओरडत.

"पत्र्याले निऱ्या पाडल्या वं त्यानं! निऱ्या!"

ताई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मंग आता तेच नेसा."

दुसऱ्या दिवशी भाऊजींची सायकल गेली आणि स्टँड घरी आलं. सरळ अदलाबदल. त्यानंतर कित्येक महिने ते ड्यूटीवर पायी जायचे, भर उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून. कोणी सायकलवर डबल सीट बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. "मी माह्या मर्जीनं पायी चाललो," म्हणायचे. ऐट काय ती!

मग तो ड्राफ्ट्समन सुट्टीवरून परतला की त्याच्या वळकटीतून काही ना काही यायचं. बाहेरून तव्यासारखी काळी आणि आतून पिवळीधम्मक अशी एक सुरई. कोंबडीच्या आकाराचं मातीचं भांडं, चोचीतून पाणी पडेल असं. तीन पायांची लोखंडी तिवई, पायांना खाली गोळे. सगळं बैठकीत एका फळीवर आणि फळीखाली मांडलेलं. त्या काळात भिलाईत कारखान्याचं काम चालू, जिकडंतिकडं लाल धूळ. सकाळी पुसलेलं दुपारी लाल. भाऊजी दिवसातून दोनदा ती फळी पुसायचे, आणि ताईनं हात लावलेला चालायचा नाही. आल्यागेल्यालाही "हात मांगं!" असा हुकूम. गल्लीतली पोरं त्यांच्या घरात शिरताना आपसूक दोन्ही हात पाठीमागं बांधायची, कवायतीला उभं राहावं तशी.

ताईनं एकदा त्या निऱ्यांच्या स्टँडमध्ये कांदे भरून ठेवले. भोकं आहेत, हवा लागेल, कांदे नासणार नाहीत, असा साधा विचार. भाऊजी आले, पाहिलं, आणि एकेक कांदा असा बाहेर काढला जशी मुंग्या लागलेली मिठाई.

"कामाले लावली का वस्तू मेली," ते म्हणाले.

"अन् बायको कामाले लावली का?" ताईनं विचारलं.

भाऊजी ते कांदे टोपलीत भरत राहिले. मी दारात उभी होते, हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मी एकदा स्पष्टच विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, काय दिसते तुमाले त्याच्यात?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, दिवसभर आमी लोखंड सरळ करून राहिलो. आमच्या इथं वाकडं झालं का भंगार. अन् त्या माणसानं मुद्दाम वाकवलं, अन् त्याले कोणी रागावलं नाही." एवढं बोलून ते पुन्हा फडकं घेऊन पुसायला लागले. मला त्यातलं अर्धंच समजलं, पण त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल जरा कमी केली. बंद नाही केली.

आता ताईचं सांगते, कारण तिचं सांगितल्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत. ताईला एकच गोष्ट हवी होती. घरी महालक्ष्म्या. भाद्रपदात आमच्याकडं ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी तीन दिवस येतात, स्टँडवर मुखवटे बसवून, पातळं नेसवून, दागिने घालून त्यांना उभं करतात. पण हे आपल्या मनानं सुरू करता येत नाही. थोरल्यानं धाकट्याच्या हाती द्यावं लागतं. भाऊजींच्या घरच्या महालक्ष्म्या तुमसरला, ताईच्या थोरल्या जावेकडं. ताई दरवर्षी तिकडं जायची, दुसरीच्या चुलीपुढं बसून पुरण वाटायची, आणि आवाहनाच्या वेळी थोरली पुढं, ही मागं ताट धरून. परत आली की मला म्हणायची, "कंपनीचं क्वार्टर ते क्वार्टरच राह्यते वं. महालक्ष्म्या उभ्या झाल्याबगर घर कसं म्हणाव?"

आणि त्या वर्षी थोरल्या जावेचा निरोप आला. "माह्यी कंबर धरली. औंदापासून तूच कर." सोबत त्यांच्या महालक्ष्म्यांपुढल्या धान्यातलं ओंजळभर धान्य. मुखवटे मात्र त्यांच्या कुळाचाराप्रमाणं गावच्या घरातून हलत नाहीत, ते नवेच करायचे. ताई त्या ओंजळभर धान्याची पुडी घेऊन माझ्याकडं पळत आली आणि दारातच रडायला लागली. मीही रडले, कारण नसताना.

दिवस थोडे उरले होते. मुखवटे नागपूरलाच मिळायचे, चितारओळीत. ताईला घर सोडता येईना. फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या, सोळा भाज्या, पातळं, सगळं एकटीच्या अंगावर. आमचे हे ड्यूटीवर. राहिले कोण? भाऊजी. मी म्हटलं, "ताई, ह्या माणसाले नोको पाठवू." ती म्हणाली, "दोन मुखवटे आणाले का अक्कल लागते?"

आवाहनाच्या दिवशी सकाळी भाऊजी दुर्गला उतरून आले. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण चेहरा कसा, लग्न जमवून आल्यासारखा. खांद्यावरची गाठोडी त्यांनी हलक्या हातानं सतरंजीवर ठेवली. आम्ही सगळ्या भोवती. माझ्या सासूबाईही आल्या होत्या, सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. भाऊजींनी गवत काढलं, वर्तमानपत्रं काढली, आणि दोन डोकी बाहेर ठेवली.

पांढरीशुभ्र, दुधावरच्या सायीसारखी चकाकती मातीची डोकी. लांब गळा, तो आतून पोकळ. केस म्हणजे काळ्या रंगाचे चार फटकारे. ओठ किंचित हसल्यासारखे. एक जरा मोठी, एक जरा लहान आणि मान कललेली. डोळ्यांची नुसती रेघ, आत काही नाही, बुबुळ नाही.

"चितारओळीत गेलो होतो," भाऊजी म्हणाले. "सगळ्यायचे गाल सारखे, गुलाबी. माह्या मनात भरेना. मंग तिथंच सदर बाजारात लिलावाचं दुकान आहे, तिथं गेलो. कोणी फ्रेंच बाई होती, सामान विकून गेली. अन् पाह्यतो त काय, ह्या दोघी! एक मोठी, एक लहान. ज्येष्ठा अन् कनिष्ठा! सांगा, फ्रान्सवाल्याले कसं समजलं?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. हेच तर सगळ्यात वाईट. लबाडी केली असती तर भांडता तरी आलं असतं.

ताई खाली बसली. मग इतक्या हळू बोलली की आम्हाला पुढं वाकावं लागलं. "मी तुमाले देवी आणाले सांगतली होती. तुमी तुमच्यासाठी फळीवरचं आणलं. इतक्या वर्षात मी एकच गोष्ट मांगतली."

भाऊजींचा चेहरा पाहवेना. मला राग आला, खूप राग आला, आणि त्याच वेळी त्या माणसाची कीवही आली. हातात गवत धरून तसेच उभे होते.

आमचे हे ड्यूटीवरून आले तसेच सायकल घेऊन दुर्गला गेले. बाजार पालथा घातला. मुखवटा मिळाला एक, पितळेचा, तोही कृष्णाचा. इतर मराठी घरांत विचारावं, तर ज्यांच्याकडं महालक्ष्म्या, त्यांच्या त्यांच्या घरी उभ्या. दुपार झाली. आवाहन संध्याकाळचं. लोखंडी गजाचे दोन स्टँड भाऊजींनी आधीच वाकवून करून ठेवले होते, त्यांना पातळं नेसवून झाली होती. दोन बाया बिनडोक्याच्या उभ्या. ताई म्हणाली, "आता तांब्यावर हळदीनं तोंड काढतो. दुसरं काय." पहिलंच वर्ष, थोरली विचारणार, गाव विचारणार, आणि सांगायचं काय, तर नवऱ्यानं नागपूरला जाऊन दुसरंच काही आणलं.

तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. त्या दोन डोक्यांपुढं जाऊन बसल्या, आणि दोन्ही हातांनी मोठीचा चेहरा चाचपला. भाऊजींच्या तोंडून "हात..." एवढं निघालं आणि तिथंच अडकलं.

"माती आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हाव," भाऊजी म्हणाले.

"भट्टीतून निघाली ना?"

"हाव."

"मंग देवी व्हाले काय हरकत आहे? कुंभार कुठचा का असेना." त्या ताईकडं वळल्या. "ऊठ वं. तोंडं चांगले आहेत. पण आंधळ्या आहेत. आंधळी देवी घरात उभी नाही करत. ती घर पाहीन कशी?"

मी धावत जाऊन काजळाची डबी आणली. ताईनं करंगळीनं मोठीच्या डोळ्यांत बुबुळं काढली. छान दिसली. आम्ही समई लावून पाहिली, आणि त्या गुळगुळीत झिलईवर काजळ टिकेना. भाद्रपदातला उकाडा, समईची धग. बघता बघता दोन काळे ओघळ गालावरून खाली आले. घरात येण्याआधीच देवी रडायला लागली. ताईनं तोंडावर पदर धरला. एक शेजारीण "अवो बाप्पा!" म्हणून मागं सरकली.

सासूबाईंनी पदरानं ओघळ पुसले. "तेलाचा रंग पायजे," म्हणाल्या. "ज्यानं लोखंड रंगवतात तो. एकदा लावला का जन्माचा."

सगळ्यांनी भाऊजींकडं पाहिलं. त्यांच्याकडं काळ्या रंगाचा डबा होता, तिवईवर एकदा चरा गेला होता तेव्हा आणलेला. पण ते ऐकून खुर्चीत बसलेच. ज्या माणसानं पुसताना सुद्धा कधी जोर लावला नाही, त्याच्या हातच्या सगळ्यात देखण्या जोडीवर आता कोणीतरी ब्रश फिरवणार. "तो निघत नाही," एवढंच म्हणाले. "खरडला त झिलई जाते. तो कायमचा राह्यते."

आता इथं दुसरी कोणी असती, तर म्हणाली असती, जाऊ दे तुमची झिलई खड्ड्यात. मी तर नक्कीच म्हणाले असते. ताई मात्र त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग उठून आत गेली, दोन तांबे घेऊन आली, घासायला बसली.

"राहू द्या," ती म्हणाली. "नका लावू रंग. तांबेही चांगले दिसतात. तुमी तुमच्या फळीवर ठेवा त्या."

ती रागानं बोलत नव्हती. चिंचेनं तांब्या घासत होती, आणि खरंच मनापासून सांगत होती.

भाऊजी उठले. मागच्या अंगणात गेले, हातपाय धुतले, डबा आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आले. सासूबाईंपुढं मांडी घालून बसले. "आजी, देवीनं पाह्याचं कुठी?"

"समोर. दाराकडं. येनाऱ्याकडं."

"खाली नाही?"

"खाली कावून? थे काय नवी नवरी आहे?"

त्यांनी मोठीला मांडीवर घेतलं. पत्र्यावर भोकं पाडायच्या आधी खूण करणारा हात तो. पण त्या दिवशी ब्रश टेकवायला त्यांना किती वेळ लागला! बाहेर गल्लीत पोरं खेळत होती, ताईनं त्यांना गप्प केलं. एक बुबुळ. दुसरं. मग धाकटी. तिची मान कललेली, तिचे डोळे समोर पाहतील असे काढायला त्यांनी तिला तीनतीनदा फिरवून पाहिलं. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी आला तरी पुसला नाही, थेंब पडेल म्हणून मान बाजूला केली. शेवटचं बुबुळ झालं आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला.

काय सांगू तुम्हाला! आतापर्यंत ती दोन छानशी डोकी होती. आता तिथं दोघीजणी होत्या. शेजारीण आधी वाकली, मग आम्ही सगळ्या. सासूबाई म्हणाल्या, "आल्या वं तुह्या घरी."

रंग वाळल्यावर मेणानं नथी चिकटवल्या. दिवेलागणीला ताईनं दारापासून कुंकवाची पावलं काढली आणि पहिल्यांदा ताट दुसरीच्या हाती देऊन स्वतः पुढं झाली. ताट मी धरलं होतं. मुखवटे स्टँडवर असे बसले की जशी मापंच घेतली होती. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांचं जेवण झालं. अर्धा सेक्टर जेवून गेला. बंगाली, तेलुगू, पंजाबी, सगळ्या बायका पाहायला आल्या आणि म्हणाल्या, असा देवीचा चेहरा आम्ही कुठं पाहिला नाही. तो पाँडिचेरीचा ड्राफ्ट्समनही आला. त्यानं ओळखलं असावं. नमस्कार केला आणि पोळीवर तूप मागून घेतलं.

भाऊजी तीन दिवस वाढण्याच्या कामात होते. बैठकीत फार थांबायचे नाहीत. आले तर कोपऱ्यातून, ओझरते.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या, गेल्या. पातळं उतरवली, दागिने काढले. मी मदतीला होते. ताईनं दोन्ही मुखवटे ओल्या फडक्यानं पुसले, आणि मग तिनं जे केलं ते मला आधी सांगितलं नव्हतं. फळीवरची सुरई बाजूला सरकवली, मधे जागा केली आणि दोघींना तिथं नेऊन ठेवलं.

"घ्या," ती भाऊजींना म्हणाली. "देवी त गेल्या. वर्षभर ह्या तुमच्या. मले फक्त भाद्रपदात द्या."

मला वाटलं, माणूस आता आनंदानं वेडा होईल. भाऊजी फळीजवळ आले. सवयीनं फडकं हातात होतंच. मोठीपुढं उभे राहिले, धाकटीपुढं उभे राहिले. एक पाऊल डावीकडं सरकले, मग उजवीकडं. फडकं खांद्यावर टाकलं.

"नोको," ते म्हणाले. "पेटीत ठेव."

"कावून? तुमच्याच त होत्या."

"होत्या. तवा मी त्यायले पाहून राहिलो होतो." त्यांनी दोघींपुढून नजर खाली घेतली. "आता त्या मले पाहून राहिल्या."

ताईनं आतून आपलं लग्नातलं पातळ आणलं, आणि दोघांनी मिळून, एकेक करत, त्यांना त्यात गुंडाळलं.